कडता

चाळीस वर्षं उदगीरच्या मोंढ्यात मापाडी होतो.
तूर, करडी, हायब्रीड.
किलोच्या खालचं माझ्या हाताला कधी कळलंच नाही.
पोत्यामागं कडता धरायचा,
शेठ दुसरीकडं बघायचा, मी काट्याकडं.

आता सोनाराचा जुना काटा मागून आणलाय
आणि त्याच्यावर उकडलेली कोंबडी तोलतोय.
सकाळी तीस ग्रॅम.
बत्तीस झाले तर दोन काढून ठेवतो.

पिल्लू होती तेव्हा चिपट्यात मावायची,
म्हणून नाव चिपटी.
पुढं मापट्याएवढी झाली, पायलीएवढी झाली,
आणि तेराव्या वर्षी निघाली परत, मागं मागं.
पाणी मात्र बादलीत तोंड घालून प्यायची.
महानंदा म्हणाली, ऊन किती पडलंय.
मार्गशीर्षात?

जनावरांच्या कॉलेजात नेली, बाजाराच्या पिशवीत घालून.
डॉक्टर टेकाळे माझ्या नातीच्या वयाची.
पायातून रक्त काढलं, कागद वाचला,
म्हणाली, अप्पा, किडन्या थकल्यात हिच्या.
दूध बंद.
भाकरी कुस्करून घालता ना, तीही बंद.
मीठ नको, कांदा नको, लसूण तर नकोच.
अंड्याचं पांढरं चालेल, पिवळं नाही.
मांस लागेल. थोडं, ताजं, वर कोमट पाणी.

मी म्हणालो, मॅडम, गळ्यात लिंग असलेलं घर आमचं.
आमच्या चुलीपाशी अंडं कधी फुटलं नाही.
ही पण आमच्यातलीच. शाकाहारी.
ती हसली नाही.
म्हणाली, मग पत्र्यावरच्या चिमण्या कोण खात होतं?

एक पाकीटही लिहून दिलं, लातूरहून मागवलं.
भाव ऐकून मी दोनदा विचारलं, क्विंटलचा का?
चिपटीनं हुंगलं,
आणि ताटलीभोवती फरशी उकरली,
घाण झाकतात तशी.
भूक लागली की खाईल, महानंदा म्हणाली.
हे माणसांचं झालं.
मांजर दोन दिवस उपाशी राहिलं
तर हट्ट जिंकतं आणि जीव हरतं,
असं टेकाळे म्हणाली होती.

मग एकाहत्तराव्या वर्षी
साबेर कुरेशीच्या दुकानापुढं उभा राहिलो,
शटर अर्धं खाली आल्यावर.
त्याचा बाप माझ्या काट्यावर पोती चढवायचा.
साबेरनं काही विचारलं नाही.
पाव किलो, बिनहाडाचं, पेपरात, वर अजून एक पेपर,
वर साड्यांच्या दुकानाची पिशवी.
मी काटा बघितला. सवय.
माझ्याच बाजूला जरा झुकता होता.

जिन्याखाली वेगळा स्टोव्ह, वेगळं पातेलं.
महानंदानं चुन्याची रेघ ओढली,
हिच्या अलीकडं काही आणायचं नाही.
पाकिटातलं चमचाभर, कोंबडी जास्त,
मग चमचे वाढवत, कोंबडी कमी करत,
पंधरा दिवस असा भाव करत बसलो तिच्याशी.
कधी मानायची, कधी पाठ फिरवायची.

संक्रांतीनंतर मला ताप भरला.
दुपारी जाग आली तर खाली स्टोव्हचा आवाज.
रेघेच्या पलीकडं महानंदा,
नाकाला पदर, डोळे मिटलेले,
नखानं एकेक तंतू सोलत होती.
चिपटीला दात तीनच उरलेत, हे तिला माहीत होतं.
मला बघून म्हणाली,
मीठ नाही घातलं,
आणि न्हायला निघून गेली.
त्या दिवसापासून रेघ पुसट होत चाललीय.
कोणी परत ओढली नाही.

सोमवारी मोंढ्यात नेतो, नव्या काट्यावर.
आधी तिला कडेवर घेऊन उभा राहतो, मग एकटा.
पोरं हसतात. हसू देत.
माझा कडता धरला की उरते ती.

परवा पन्नास ग्रॅम वाढली.
आमच्या वेळी एवढ्याला
धूळ म्हणायचो.
पारड्यावर फुंकर मारायचो.