उसन्या मासोळ्या

शुक्रवार. कंपनीची पिकअप अजून झोपलेली.
लबानची रिकामी बाटली मी मानेपाशी कापतो,
मान उलटी करून तिच्याच पोटात खुपसतो,
तापल्या खिळ्यानं कडेला भोकं पाडतो, चौदा.
आत कालच्या खुब्जचा चुरा आणि एक गोटा,
बाटलीनं तरंगू नये म्हणून.
बापाकडे याच कामाला बांबूच्या काड्या होत्या,
भिजवलेल्या, तासलेल्या, सुंभानं विणलेल्या.
ही बाटली पाहून तो आधी हसला असता,
मग मागून घेतली असती.

बिरकत अल मौझ. नावात केळी, नावात तळं.
डोंगराच्या पोटातून खोदून आणलेलं पाणी
हातभर रुंद पाटातून धावतं:
आधी पिण्याच्या कुंडात, मग मशिदीत,
मग न्हाणीत, मग ज्याची पाळी त्याच्या बागेत.
या पाण्याच्या राखणदाराला इथे वकील म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला घाम फुटला.
आमच्याकडे पाण्याकाठी वकील आला
की बोडीचा लिलाव ठरलेला.

हा वकील, खल्फान, अनवाणी.
काठीच्या सावलीवरून वेळ सांगतो,
मग सावली बरोबर आहे का ते मोबाइलवर पाहतो.
"किती?"
"सात," मी म्हणतो. बाटलीत अजून एकही नाही.
"डासांची पिल्लं खातात त्या. सात गेल्या,
तर सात जणींचे डास माझ्या नातवांना चावणार."
हसतो, किंवा तसं वाटतं.
"कुंडाच्या वर पाय ठेवू नकोस."

पोटरीभर पाण्यात उभं राहिलं की त्या आपणहून येतात,
टाचेची मेलेली कातडी टोचत.
बोटाच्या पेराएवढ्या, वाळूच्या रंगाच्या.
दांडवण नव्हे, कोळशी नव्हे, नाव मला ठाऊक नाही.
एक बाटलीच्या तोंडाशी येते, थबकते,
मागे जाते, पुन्हा येते.
"तिच्याकडं पाहू नको बे," बाप म्हणायचा,
"तिले पाहणं समजते."
मी केळीच्या फाटक्या पानांकडे पाहत राहतो.
वळतो, तर आत नऊ.
दोन परत सोडतो. वकिलाचं लक्ष नव्हतं,
म्हणून जरा मोठ्यानं मोजतो.

डोह चाळीस मिनिटांवर, वादीत.
वकील आहे, वादी आहे, आणि खटला कुठेच नाही.
बादली शेजारच्या सीटवर, पट्टा लावून,
वर ओलं गोणपाट, एसीचं तोंड तिच्याकडे,
घाम मला.
अर्ध्या वाटेत थांबून ओंजळीनं पाणी उचलतो,
उंचावरून पुन्हा आत पाडतो, हवा मिसळावी म्हणून.
तरी एक उलटते. पांढरं पोट, भाताच्या शितासारखं.

काठावर तौफिकुल, सिल्हेटचा.
बारा वर्षं म्हणतोय, तळाशी काहीतरी आहे.
काय, ते त्यानंही पाहिलेलं नाही.
गळ पाठीच्या परामागून घालायचा, काटा चुकवून,
नुसत्या कातडीखालून, म्हणजे ती पोहत राहते.
ती पोहली तरच तो येतो.
हे शिकवताना बापानं माझं बोट धरलं होतं
आणि स्वतःचं तोंड दुसरीकडे केलं होतं.

तीन गेल्या. तिन्ही वेळा गळ कोरा.
चौथीला दोरी अशी ताणली
की तौफिकुल उभाच राहिला, हातातला चहा सांडला,
आणि दोरी पुन्हा नुसती दोरी झाली.
पाचवीचं सांगण्यासारखं काही नाही.
उरली एक.
"सोड इथंच," तौफिकुल म्हणतो.
पण हे तिचं पाणी नाही.

दिवेलागणीला पाटात बादली कलंडतो.
खल्फान मोबाइलवरून मान न उचलता सांगतो,
आता सईदची पाळी, सात वीसपर्यंत.
ती माझ्या टाचेशी जरा थांबते,
मग सईदच्या पाण्यातून उलटी, वरच्या अंगाला,
जिथे मला पाय ठेवायला मनाई आहे तिकडे, निघून जाते.
"एक," मी म्हणतो.
"सहा बाकी," तो म्हणतो.