अडुसष्ट नंबरचं तेल

जानेवारीतली सकाळ, उद्यमबाग.
शेडचे पत्रे अजून दवानं ओले.
मी टेस्ट बेंचचं बटण दाबलं
आणि पंप असा किंचाळला
की पलीकडच्या फाउंड्रीतली माणसं दारात आली.

हिरेमठ मामांनी स्विच पाडला.
ओरडले नाहीत.
कपाटातून काढली हातभर काचेची नळी,
टाकीतलं तेल तिच्यात गळ्यापर्यंत,
खिशातून राईएवढा पोलादी छर्रा,
माझ्या हातात स्टॉपवॉच.
"नोड," म्हणाले. बघ.

हवेतून टपकन पडला तो,
तेलाला टेकला मात्र
आणि घाई विसरला.
वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत
नऊ सेकंद, एकाच चालीनं,
देवळातून परतणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

"पण तेल तर हलकं. पाण्यावर तरंगतं."
"जड वेगळं, जाड वेगळं, बाई."

मग नळी फाउंड्रीच्या भिंतीला टेकवून ठेवली.
चहा झाला. पुन्हा छर्रा. चार सेकंद.
पंप का किंचाळला ते मला कुणी सांगितलं नाही.
डिप्लोमाच्या पुस्तकात याचं एक ग्रीक अक्षर होतं,
ते मी पाठ केलं होतं, छान गिरवून.

"मराठीत काय म्हणता?"
"श्यानता."
"ऐकलं नाही कधी."
"मीपण. पेपरात सोडून."
"आमच्यात स्निग्धते."
मला हसू आलं. आमच्यात डोळे असतात स्निग्ध.
त्यांनी नळी उजेडात धरली.
"मग तेच की. शेजारचा थर
एकदम सोडत नाही हात."

चलनांचा गठ्ठा टेबलावर ठेवून
तळव्यानं वरचं पान पुढं सारलं:
सगळ्यात खालचं टेबलाला चिकटून जागच्या जागी,
त्याच्यावरचं जरासं, त्याच्यावरचं आणखी जरासं.
"पाइपात असंच. भिंतीजवळचा थर हलतच नाही.
मधला पळतो.
पळता पळता शेजाऱ्याला ओढतो,
शेजारी त्याला मागं."

मला भाऊ आठवला, पुण्याला गेलेला.
आणि कडोलीच्या घरात
भिंतीला पाठ लावून बसलेले बाबा.
त्या दोघांमध्ये किती पानं असतील
ते मी मोजलं नाही.

दुपारी बेंच सुरू केला.
पंप गुणगुणत राहिला.

सुट्टीला भुशानं हात चोळले, साबणानं धुतले.
बोटं सुटली,
तळव्याच्या रेषांत तेल राहिलं.
बस आली, दारातच गर्दी,
मामा मागून ओरडले, "सावकाश!"
कुठल्या भाषेत, ते बस सुटेपर्यंत
माझ्या ध्यानातच आलं नाही.