डावीकडच्या तारखा

ब्यूडलीच्या नगर परिषदेत, जिन्याखालच्या खोलीत,
मला एक रकाना दिलाय सरळ करायला.
सेव्हर्न नदीची पातळी, तेरा वर्षांची.
पुलाच्या खांबावरची पट्टी सकाळी सकाळी वाचून
दोन म्हाताऱ्या माणसांनी आळीपाळीने टिपलेली.
वह्या राहिल्या नाहीत.
तळघरात होत्या, एका हिवाळ्यात नदीच येऊन घेऊन गेली.
उरलं ते एका शाळकरी पोराने सुट्टीत टाइप केलेलं,
आणि जाता जाता त्याने सगळं पातळीनुसार लावून ठेवलं,
म्हणजे आता पूर सगळे खाली, उन्हाळे सगळे वर,
आणि वर्षांचा पत्ता नाही.

आकडे ठीक आहेत. भानगड तारखांची.
डेन्झिल प्रोबर्ट, इथलाच, कुलुपं दुरुस्त करायचा: आधी दिवस.
नोरीन हॅगस्ट्रॉम, नेब्रास्काहून आलेली: आधी महिना.
यंत्राला वाटतं जग नेब्रास्कात आहे.
जी तारीख त्याला कळली ती त्याने उजवीकडे सरकवली,
जी नाही कळली ती डावीकडे, नुसती अक्षरं म्हणून.
त्यामुळे डेन्झिलच्या बाबतीत उलटंच:
डावीकडे अडून बसलेल्या खऱ्या,
आणि निमूट उजवीकडे गेलेल्या बहुतेक खोट्या.
काही तर पार आकडे होऊन गेल्यात. ३८४१२.
हा एके काळी मार्चचा पहिला दिवस होता.

आमच्याकडे तीनतेरा वाजले म्हणतात.
इथे तेराच काय तो आधार.
तेरापासून पुढचा दिवस लपू शकत नाही,
तेरावा महिनाच नसतो.
बारा भानगडी सगळ्या बाराच्या आत.

मग मी पाण्याला विचारते.
१/११, चार मीटर चाळीस.
एकतीस ऑक्टोबरला चार वीस होतं,
म्हणजे हा नोव्हेंबर, जानेवारी नव्हे.
४/५, शेरा: पाकोळ्या आल्या.
एप्रिलच्या पाच तारखेला इथे पाकोळी येत नाही,
समोरच्या बेकरीतल्या बाईंना विचारून खात्री केली.
८/८ सारख्यांना मी हात लावत नाही.
कुठूनही वाचा, त्या तिथेच.

आद्याक्षरांचा रकाना आहे, म्हणून सूत्र लिहिलं:
'नो' असेल तर महिना आधी, 'डे' असेल तर दिवस.
चार वर्षं चाललं. मग एकोणिसावा महिना आला.
नोरीनच्या नावावर, १९/६.
मला वाटलं पोराची चूक.
पण पुढे २३/६, ३०/६, सगळ्या तशाच.
त्या जूनमध्ये कधीतरी बाईंनी
दिवस आधी लिहायला सुरुवात केली होती.
शेऱ्यात काही नाही. 'पाणी गढूळ. दोन हंस.'

सूत्र दुरुस्त केलं. आणखी सात वर्षं.
मग 'नो' थांबतं.
सतरा दिवस कुणाचीच नोंद नाही.
अठराव्या दिवशी 'डे', १०/२३.
दहावा महिना आधी.
११/१४. ११/२९. १२/१७.
आयुष्यभर दिवस आधी लिहिलेला माणूस,
शेवटच्या नोंदीपर्यंत नेब्रास्काचा.

दुपारी इमोजेनने दारातून विचारलं, झालं का?
म्हटलं, होत आलं.
सगळ्या तारखा एका साच्यात बसवल्या,
वर्ष, महिना, दिवस, मध्ये आडव्या रेघा.
आता त्या कुणाच्याच नाहीत
आणि आलेख सुंदर येतो.

मूळ रकाना पुसून टाकायचा, असा नियम आहे.
मी लपवलाय.
नीट बघणाऱ्याला दिसेल की सीनंतर एकदम ई येतं.
नीट बघायला इथे फारसं कुणी येत नाही.

घरी जाताना पुलावर थांबले.
पट्टीवर पाणी एक मीटर दहा.
खिशातल्या पावतीच्या मागे लिहून घेतलं,
आणि तारीख लिहिताना
पेन जरा वेळ नुसतंच धरून राहिले.