दोन दारांची पेटी

एकतीस वर्षं मी तुरुंगात काढली,
किल्लीच्या बाजूनं.
म्हणून टेगननं दोन ससे आणले तेव्हा
सगळ्यांनी धरूनच चाललं
की जाळीचं काम आजोबांकडे.

लडलोचा दुकानदार कोंबड्यांची जाळी गळ्यात मारत होता.
म्हटलं, ती कोंबडीला आत ठेवते, बाबा,
कोल्ह्याला बाहेर नाही. तो ती दाढेनं उसवतो.
जाड तारेची घेतली, सांध्या-सांध्याला डागलेली,
चौकोन इतके बारीक की करंगळी अडकावी.
वर छप्पर. दाराला कड्या दोन.
आणि जमिनीलगत, बाहेरच्या अंगाला,
हातभर जाळी आडवी पसरून
तिच्यावर हिरवळीचे तुकडे परत बसवले,
ठिगळासारखे.
उकरणारा भिंतीला नाक लावूनच उकरतो.
दोन पावलं मागे सरून सुरुवात करावी
हे कोल्ह्याला सुचत नाही.
माणसांना सुचायचं, क्वचित.

जूनमध्ये डम्पलिंग गेली.

तारेवर ओरखडा नाही. कड्या जागच्या जागी.
फक्त दवात पावलांचं एक रिंगण,
रात्रभर गिरवलेलं,
आणि आत ती, अंगावर एक केस विस्कटलेला नाही,
डोळे उघडे.
कर्नल तिला टेकून बसला होता.

डॉक्टर हेस्केथबाई म्हणाल्या, भीतीनंही जातात ससे.
लपायला काही होतं का आत?

नव्हतं.
मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून
चारी कोपरे दिसायला हवे होते.
सवय.

सी विंगमधली एक सकाळ आठवली,
जिच्याबद्दल मी घरी कधी बोललो नाही.
त्या दिवशीच्या वहीत अक्षर माझंच आहे:
कुलूप शाबूत.

तर आता पेटी आहे.
जुन्या कपाटाच्या फळ्यांची, पोटात गवत भरलेली,
दारं दोन, समोरासमोर.
एकाच दाराच्या लपणाला सापळा म्हणतात,
हे ससा जन्मतःच जाणतो, मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.
शिवाय मातीचा एक नळ, उगीच पडलेला वाटावा असा.
ऊन सरकतं तशी मी ताडपत्री सरकवतो.
कुंपणाकडेची जांभळी घंटाफुलं मुळासकट उपटली,
बायकोची होती, पण विषारी.
उन्हाळ्यात रोज दोनदा
एकेकाला उचलून शेपटीखाली बघतो;
माशी तिथे अंडी घालते
आणि एका दिवसात होत्याचं नव्हतं.
आणि रात्री बाहेर ठेवायचंच नाही.
अंधार पडायच्या आत शेडमध्ये, दोघांना.

हो, दोघांना. एकटा ससा जेवत नाही नीट.
अनाथ प्राण्यांच्या घरातून भुरी आणली,
नाव पावती,
कारण पहिल्याच दिवशी तिनं तीच खाल्ली.

टेगननं विचारलं, आजोबा,
त्यांना आपण कैदेत आहोत असं वाटत असेल?
माझ्या ओठांत तेव्हा तीन खिळे होते,
त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

पावती रोज एकाच ठिकाणी उकरते, आतून,
पश्चिमेच्या कोपऱ्यात.
रोज मी ते बुजवतो.
बरं चाललंय आमचं.

दुपारी चार वाजता दोघं पेटीत शिरतात.
मग काहीच दिसत नाही.
हिरवळ, पाण्याचं भांडं, अर्धवट कुरतडलेली फांदी.
मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा.
पाच मिनिटं होतात. दहा.
हात दाराच्या मुठीवर जातो.
जातो, आणि
मी तो कपाभोवती परत आणून ठेवतो.