शून्य कुठे ठेवायचं

कन्ना चौकाच्या अलीकडे, झेरॉक्सच्या दुकानावर
अकरा पायऱ्या चढून आमचा क्लास.
सात कॉम्प्युटर, त्यातले पाच चालू,
आणि गुंडला सर, ज्यांना घाम येतो, कंटाळा येत नाही.
एप्रिल महिना. पंखा गरम हवाच ढवळत राहतो.
मागच्या गल्लीत टॉवेलचे माग खडखडत असतात,
त्यामुळे सर सगळं दोनदा सांगतात.

एक यादी घ्या, म्हणाले, कसलीही,
आणि तिची बेरीज करून दाखवा. करून दाखवा.

रझियाने भावाच्या धावा घेतल्या.
तिच्या पलीकडच्याने स्वतःचे मार्क, थोडे वाढवून.
मी अम्माचं कार्ड काढलं,
विडीच्या ब्रँचचं, तंबाखूने कडा पिवळ्या झालेलं.
सोमवार ते शनिवार:
नऊशे, साडेआठशे, हजार,
शून्य,
सातशे, साडेनऊशे.

आधी मी आकडे अवतरणचिन्हांत घातले.
यंत्राने ते मिळवले नाहीत, नुसते एकाला एक चिकटवले,
मालगाडीसारखा लांब आकडा.
एवढ्या विड्या सोलापुरात कुणी वळल्या नसतील.
रझिया हसली. मीही हसले, जरा उशिरा.

मग चिन्हं काढली. फेरी लिहिली.
उत्तर आलं साडेनऊशे.
पुन्हा चालवलं. साडेनऊशे.
फक्त शनिवार.
बाकी पाच दिवस अम्मा जणू सुपापुढे बसलीच नव्हती.

सर मागे येऊन उभे राहिले.
शून्य कुठे ठेवलंस?
आत, फेरीत.
म्हणजे दर खेपेला पाटी पुसतेस
आणि मग विचारतेस, आधीचं कुठे गेलं.
एकदाच ठेव. बाहेर. सुरुवातीला. सुरुवातीला.

ती ओळ मी वर नेली, समासाला टेकवली.
चार हजार चारशे.

घरी अम्मा दोरा गुंडाळत होती.
मी सांगितलं, तिने मान वर केली नाही.
चार हजार चारशे, मला शनिवारीच ठाऊक होतं.
ती मोजते तेलुगूत, ओठांच्या आत,
ओकटी, रेंडू, मूडू,
भांडते मराठीत.
आणि छाट?
कसली छाट?
मुनीमने आठवड्यात दोनशे दहा काढून टाकल्या,
पान फाटलंय म्हणे, तोंड नीट मुडपलं नाही म्हणे.
त्या तुझ्या यंत्रात कुठायत?

कार्ड उलटं कर, म्हणाली.
मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं सगळं.
मी एकच बाजू वाचली होती.

मग तिनेच विचारलं,
गुरुवारचं शून्य कशाला घातलंस? वाढत तर काही नाही.
काढलं तर दिवस पाच होतात, अम्मा.
ती काही बोलली नाही. कात्रीने एक पान कापलं,
पत्र्याच्या साच्याबरहुकूम.
गुरुवारी ती त्याच अकरा पायऱ्या चढून आली होती,
फीचे पैसे पदराच्या गाठीत,
आणि सर जेवायला गेलेले, म्हणून चारपर्यंत जिन्यात बसून.

दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं,
याला तयार शब्द असतो, एकच,
यादी त्याच्या हाती द्यायची, की झालं.
दिली. झालं. चार हजार चारशे, पापणी लवायच्या आत.
काल संध्याकाळभर मग मी काय करत होते?

तरी जुनी फेरी मी पुसली नाही.
तिच्या आत एक ओळ वाढवली,
की दर खेपेला किती झाले ते दाखव.
नऊशे.
सतराशे पन्नास.
दोन हजार सातशे पन्नास.
दोन हजार सातशे पन्नास.
इथे आकडा जागच्या जागी उभा राहतो, जिन्यात.
मग पुढे चालू लागतो.

आता छाटेची यादी करायची आहे.
सहा आकडे, पुसट.
शुक्रवारचे पंच्याऐंशी आहेत की पस्तीस,
अम्माला विचारायला हवं.