जवळचं दार

लामू बेटावरच्या आमच्या वर्गात दुपारी दोनला वीज येते,
साडेतीनला जाते, कधी त्याआधीच.
तेवढ्यात नऊ मुलं, चार संगणक,
आणि मी, बोटींची इंजिनं उघडायची सोडून
पायथन शिकवायला बसलेला स्वालेह.

म्वानाकोंबोनं तीन ओळी लिहिल्या.
इम्पोर्ट टर्टल. एक टर्टल घे. शंभर पावलं पुढं.
पांढरी खिडकी नाही, कासव नाही,
लाल अक्षरांचा ढीग.
ती कळफलकाकडे रागानं बघते,
जणू त्यानंच चहाडी केली.

शेवटची ओळ आधी वाच, मी सांगतो.
ती वाचते, बोट ठेवून, अडखळत:
अर्धवट घडलेल्या टर्टलमध्ये
टर्टल नावाचं काही सापडत नाही.

"इन्स्टॉल नसेल केलं," मागून अथमान.
त्याला सगळ्यावर तोच एक उपाय ठाऊक.
टर्टल पायथनसोबतच येतं, बाबा.
मीही एकदा रात्रभर तेच करत बसलो होतो,
एका पायथनच्या घरी सामान भरत राहिलो
आणि हाका मारत राहिलो दुसऱ्याला.
पण हे ते नव्हे.

"फाइलला नाव काय दिलंस?"
"टर्टल." मग, जरा फुशारकीनं, "टर्टल डॉट पीवाय."

मी हसत नाही. हसलो तर मूल
पुढची चूक दाखवत नाही, लपवतं.

"तुमच्या गल्लीत म्वानाकोंबो किती?"
"दोन. मी, आणि टोकाला राहते ती सुईण."
"रात्री कुणाला कळा सुरू झाल्या की
दार कुणाचं वाजतं?"
"आमचं," ती कंटाळून म्हणते, "आमचं आधी लागतं ना.
मी उठते, कडी काढते,
बाहेर कुणीतरी कंदील घेऊन, घामाघूम,
आणि मला तर बाळ धरताही येत नाही."

मग थांबते.
पंखा फिरतो. बाहेर गाढव ओरडतं.
लाल अक्षरांकडे ती परत बघते,
आता जरा कीव येऊन,
दार उघडून उभ्या त्या अर्धवट पोरीची.

"म्हणजे हा आधी आपल्याच खोलीत बघतो?"
हो. आधी काख, मग गावाला वळसा.
म्हणीतल्या माणसाइतका वेंधळा नाही तो.
फक्त काखेत आहे तो कळसा नाही,
कळशाचं नाव लिहिलेला कागद आहे,
एवढं त्याला कळत नाही.

ती नाव बदलते. खूप विचार करून
आमच्या समुद्रातल्या कासवाचं देते: कासा.
शेजारी एक फोल्डर उगवलंय, पायकॅश.
त्यानं काही बिघडणार नाही, तरी मी पुसतो.
बोटीवर वाढलेल्याला
जुने दोर पडलेले बघवत नाहीत.

खिडकी उघडते. मधोमध एवढासा काळा बाण.
"हे कासव?"
"आकार दे की बदलून."
शंभर पावलं. साठ अंश. शंभर पावलं.
पाठीची पाचवी बाजू होते न होते, वीज जाते.

बंद पडद्यासमोर अथमान हळूच विचारतो,
मास्तर, माझ्या फाइलचं नाव
मी रँडम ठेवलंय. चालेल?