आठ की तीन

रेंगे सर म्हणाले, इंजिन म्हणजे इंजिन, सिस्टर,
त्यात काय बघायचं,
सेल्फ मारला की चालू होतं.
आणि खरंच झालं.

फोनवर मी आधीच विचारलं होतं: कोणतं?
या गाडीत दोन येतात म्हणे,
एक साखळीवालं, एक पट्ट्यावालं.
ते म्हणाले होते, पांढरी आहे.

म्हणून वजीर मिस्त्रीला स्कुटीवर मागं बसवून
बोरीहून सेलूला नेलं.
अख्ख्या बोरीनं बघितलं.
बघू द्या.

मिस्त्रीनं बॉनेट उचललं, काडी लावली,
मोबाईलची बॅटरी आत फिरवली
आणि काहीच बोलला नाही.
ते न बोलणं मला ओळखू येतं.
पोटावर हात ठेवल्या-ठेवल्या मीही काही बोलत नसते.

“बॉडी एकीच रहती, सिस्टर. अंदर का दिल दो किस्म का.”
रेंगे सर हसले. मिस्त्री नाही.
डिझेलात बुडवलेलं फडकं घेऊन तो वाकला
ब्लॉकच्या खालच्या कडेला, जिथं
दहा वर्षांचं तेल आणि काळी माती
दुधाच्या खरवडीसारखी धरून बसली होती.
एकेक अक्षर वर आलं.
मी आरसी धरून उभी. तो वाचायचा, मी बोट सरकवायची.
जुळलं, जुळलं, जुळलं.
मग तो म्हणाला, तीन.
माझ्याकडं आठ.

रेंगे सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
आरटीओतले कारकून कसे असतात, तुम्हाला माहीतच आहे.

माहीत आहे.
मी स्वतः तसलीच कारकून:
रात्री तीनला बाळाच्या मनगटाला पट्टी बांधते,
आईचं नाव, वेळ, वजन,
पेन चालत नसतं, हात ओले असतात.
एकदा दोन सुमनबाई एकाच रात्री आल्या.
आठवडाभर झोपले नाही,
चूक झाली नव्हती तरी.

“फिर पुसो,” मी म्हणाले,
त्याच्या भाषेत, माझ्या व्याकरणात.
त्यानं थुंकी लावून अंगठ्यानं पुसलं.
तीनच्या पाठीमागची माती निघाली
आणि डावी बाजू भरून आली.
आठ.
रेंगे सरांनी सोडलेला श्वास
आतल्या खोलीत ऐकू गेला असेल.

पण अक्षरं सांगत होती, पट्ट्यावालं.
पट्टा कधी बदलला?
बदललाय की.
बिल?
बिल कुठं ठेवतंय कुणी.
किती किलोमीटरवर?
आता ते मेहुण्याला माहीत.
मेहुणा कतारला.

मिस्त्रीनं परत सेल्फ मारायला लावला.
लांब स्क्रू-ड्रायव्हरचं पातं इंजिनला टेकवलं,
मूठ माझ्या कानाशी.
“सुनो. आपका तो रोज का काम है.”

मी डोळे मिटले, सवयीनं.
लय चांगली होती.
ठोका सुटत नव्हता, खरखर नव्हती,
असला ठोका ऐकला की आम्ही बाईला म्हणतो,
ऊठ, जरा फिरून ये, चहा घे.
आणि मला हेही माहीत होतं
की गळ्याभोवती नाळ असली
तरी ठोका चांगलाच असतो,
असतो, असतो,
आणि मग नसतो.

“टूटा तो एकदम टूटता,” मिस्त्री म्हणाला.
“आवाज नै देता.”

गाडी बंद करा, मी म्हणाले.
पट्ट्याचे पैसे वजा करा, मजुरीसकट,
आणि बदलताना मी समोर उभी राहणार.
रेंगे सर म्हणाले, विचार करून कळवतो.
म्हणजे नाही.
किंवा पुढच्या रविवारी हो.

तेवढ्यात त्यांच्या बायकोनं चहा आणला, साखर जास्त,
आणि कप देता-देता हळूच,
सुनेला सातवा चालूय, पाय सुजायलेत, एवढं चालतं ना?
कप तसाच ठेवला.
बीपीची पिशवी स्कुटीला अडकवलेली होती.

इंजिनचा नंबर मी तळहातावर लिहिला होता.
रात्री भांडी घासताना गेला.
आठ तेवढा राहिला, अर्धा,
तीनसारखा.